येरवड्याची चैत्रातली पाखरं

पुण्यात बंडगार्डनचा पूल ओलांडून कल्याणीनगरकडे निघालं की उजव्या हाताला, मुळा-मुठेच्या काठावर डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्य लागतं. नाव अभयारण्याचं, प्रत्यक्षात नदीलगतचा झाडोऱ्याचा पट्टा. सालिम अलींविषयी नव्याने काय सांगायचं? १९४१ साली आलेलं त्यांचं ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्‌स’ पक्षीनिरीक्षकांच्या कित्येक पिढ्यांनी हाताळलं. या नदीवरच्या पक्ष्यांकडे पुणेकरांचं लक्ष वळवलं, ते मात्र पर्यावरणतज्ज्ञ प्रकाश गोळे यांनी.

थंडीत इथे चक्रवाक बघायला लोक येतात. मला विचाराल तर फाल्गुन-चैत्रात यावं, पाखरं परतीच्या तयारीत असताना. उन्हं चढण्याआधी करंजाच्या पानांत वटवट्यांची चुकचुक सुरू होते. दिसत मात्र लवकर नाहीत. काठच्या चिखलात पिवळ्या डोक्याचा धोबी शेपटी हलवत फिरतो. हिवाळाभर मळकट दिसणाऱ्या नराचं डोकं आता हळदीसारखं पिवळं झालेलं असतं आणि मानेमागे काळा पट्टा उमटलेला असतो.

पण जीव जडतो तो भोरड्यांवर. काळं डोकं, गुलाबी अंग, मागे झुकलेला तुरा. पांगाऱ्याच्या लाल फुलात चोच खुपसायची, शेजारणीशी भांडायचं, की लगेच पुढची फांदी. तिथे भेटलेले एक निवृत्त शिक्षक मान वर करून हे सगळं बघत होते. बालपण सोलापूरकडच्या खेड्यात गेलेलं. “ज्वारी हुरड्यात आली की गोफण घेऊन माळ्यावर उभं राहायचो. भोरड्यांचा थवा उतरला तर कणसं रिकामी! आणि आता त्यांचीच वाट बघतो,” ते म्हणाले. मग जरा थांबून, जणू जुना हिशोब चुकता करत: “अहो, पण तिकडे यांची पिल्लं टोळांवर वाढतात.” ‘तिकडे’ म्हणजे मध्य आशियातले गवताळ प्रदेश. एप्रिल सरता सरता भोरड्या तिकडे निघून जातात.

इथल्या नदीला वास येतो. काठाला राडारोडा आणि प्लास्टिक पडलेलं दिसतं, ते पाहून वाईट वाटतं. शहरात मुळा-मुठेच्या सुमारे ४४ किलोमीटर लांबीवर नदीकाठ सुधार प्रकल्प आखलेला आहे, त्यासाठीच्या वृक्षतोडीविरुद्ध पुणेकर रस्त्यावरही उतरले. काठ स्वच्छ हवाच. पण धोब्याला चिखल लागतो, वटवट्याला गचपण आणि भोरडीला जुना पांगारा. फरसबंदी आणि हिरवळीवर यातलं काहीच मिळत नाही. कचरा उचला, सांडपाणी अडवा, झाडोऱ्याला मात्र हात लावू नका, एवढी महापालिकेला कळकळीची विनंती.

जायचं असेल तर सूर्योदयाला पोहोचा. दुर्बीण न्या, कपडे मातकट रंगाचे घाला आणि भोरड्या बघायच्या असतील तर एप्रिल संपायची वाट पाहू नका.