ओट्याचे चार कोपरे

स्वयंपाकघराचा ओटा नव्याने करायचा ठरला की घरातली चर्चा दगडाच्या रंगाभोवती फिरत राहते. जेट ब्लॅक घ्यायचा की चिमकुर्तीचा ब्लॅक गॅलेक्सी, कडेला अर्धगोल मोल्डिंग करायचं की सरळ पट्टी लावायची, डाडोच्या टाइल्स कुठवर न्यायच्या. सिंकचा नंबर शेवटी लागतो. पुष्कळ घरांत तर दगड बसून झाल्यावर मिस्त्रीने "सिंक आणलंय का?" असं विचारल्यावरच कुणीतरी दुकानाकडे धावतं. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. ओटा किती वर्षं टिकेल हे दगडाच्या जातीवर फारसं अवलंबून नसतं. सिंकसाठी पाडलेल्या भोकाचे चार कोपरे आणि त्या भोकाच्या पुढे-मागे उरलेल्या दोन अरुंद पट्ट्या यांच्यावर ते ठरतं. कटर हातात धरता येणारा कुणीही दगड कापू शकतो. उरलेला दगड शाबूत राखून कापणं हे वेगळं कसब आहे, आणि त्याची किंमत आपण मोजत नाही.

साधा हिशेब मांडून पाहू. ओट्याची खोली, म्हणजे भिंतीपासून पुढच्या कडेपर्यंतचं अंतर, बहुतेक घरांत २४ इंच असतं. त्यात २४ बाय १८ इंची सिंक बसवलं तर पुढे-मागे मिळून जेमतेम ६ इंच दगड उरतो. सिंकची किनार दगडावर टेकणारी असेल तर भोक थोडं लहान पाडतात, म्हणून थोडा जास्त. नळ भिंतीतून येत असेल तर मागची पट्टी अरुंद ठेवून पुढची रुंद ठेवता येते. नळ ओट्यावरच उभा करायचा असेल तर मात्र मागच्या पट्टीत आणखी एक भोक पडतं आणि पुढच्या पट्टीच्या वाट्याला तीनेक इंच येतात. ग्रॅनाइट दाबाला पक्का असतो, पण वाकवण्याला कच्चा. दाब झेलण्याच्या ताकदीच्या साधारण दहाव्या भागाइतकीच त्याची वाकणं सहन करण्याची ताकद असते. आणि पुढच्या पट्टीवर नेमकी वाकवणारीच वजनं येतात. कुणी भरलेला कुकर आपटतो, कुणी ओट्यावर बूड टेकून फोनवर बोलतो, आणि दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरचे डबे काढायला घरातलं कुणीतरी हमखास सिंकच्या पुढ्यातच पाय देऊन चढतं.

आता प्रत्यक्ष कापणीकडे येऊ. काळ्या दगडावर पेन्सिल दिसत नाही म्हणून मिस्त्री आधी कागदी मास्किंग टेप चिकटवतो आणि तिच्यावर रेघ मारतो. टेपमुळे कडेच्या कपच्याही कमी उडतात. चांगल्या सिंकच्या खोक्यात भोकाच्या मापाचा कागदी किंवा पुठ्ठ्याचा साचा येतो. खोकं उघडताच तो कचऱ्यात जातो, हा आपल्याकडचा नेम. मग सिंक उपडं ठेवून बाहेरून रेघ काढायची आणि अंदाजाने आत सरकायचं, एवढाच मार्ग राहतो. हातात चार इंची मार्बल कटर असतो. त्याचं ब्लेड मिनिटाला बारा-तेरा हजार फेरे घेतं. त्याला करवतीसारखे दात नसतात. धातूत बसवलेले हिऱ्याचे कण दगड घासत जातात. सगळी जाडी एका दमात न कापता तो आधी दोन-तीन मिलिमीटरची उथळ खाच पाडतो आणि मग त्याच खाचेतून खाली उतरत जातो. इथवर सगळं सरळ चालतं. अडचण कोपऱ्यात येते.

ब्लेड गोल असल्यामुळे वरच्या पृष्ठभागावर त्याचा काप लांब असतो आणि दगडाच्या तळाशी आखूड. १८ मिलिमीटर जाडीचा दगड तळापर्यंत नेमका कोपऱ्यावर कापून संपवायचा, तर वरचा काप कोपरा ओलांडून पुढे जाणारच. चार इंची ब्लेड आणि ही जाडी घेऊन भूमितीने काढलं तर हे ओलांडणं दीड ते अडीच सेंटिमीटर भरतं. ब्लेड जितकं खोल उतरवावं तितकं ते कमी. दोन बाजूंचे काप असे एकमेकांना छेदून पुढे गेले की प्रत्येक कोपऱ्यावर फुलीसारख्या दोन खाचा राहतात. त्या खाचांच्या टोकाशी दगडातला ताण गोळा होतो. केंब्रिजचे अभियंते चार्ल्स इंग्लिस यांनी १९१३ साली जहाजबांधणीच्या तज्ज्ञांपुढे हाच विषय गणिताने मांडला होता. पत्र्याला पाडलेल्या गोल भोकाच्या कडेला ताण सरासरीच्या तिप्पट होतो, पण भोक जसजसं टोकदार होत जातं तसतसा तो कितीतरी पटींनी वाढतो, हे त्यातून स्पष्ट झालं. त्यांचा प्रश्न पोलादी जहाजांचा होता. पोलाद निदान थोडं ताणलं जातं, दगड तेवढीही सवलत देत नाही.

यावरचा उपाय साधा आहे. कटर लावण्याआधी चारही कोपऱ्यांत हिऱ्याच्या कोअर बिटने एकेक गोल भोक पाडायचं आणि मग सरळ काप या भोकांपासून भोकांपर्यंत न्यायचे. ब्लेडला संपायला मोकळी जागा मिळते, कोपरा गोल राहतो, खाच पडत नाही. पण गोलाई पुरेशी हवी. बोटभर रुंदीचं भोक पाडून पुन्हा कटरने त्याच्या पलीकडे गेलं तर सगळा खटाटोप वाया. शेवटची बाजू कापताना आतल्या तुकड्याला खालून टेकू द्यायचा, हेही याच कामात मोडतं. २२ बाय १६ इंची ग्रॅनाइटचा तुकडा अकरा किलोच्या आसपास भरतो. तो अर्धवट कापलेला असताना आपल्याच वजनाने लोंबला तर न कापलेला भाग तुटून निघतो आणि जाताना कोपऱ्याचा लचका घेऊन जातो.

यावर अनुभवी मिस्त्री हसून म्हणतील की आम्ही शेकडो ओटे कटरने सरळ कापले, कुठे काय झालं? हा आक्षेप पोकळ नाही. आपल्याकडे ग्रॅनाइटच्या खाली बहुधा कडप्पा असतो आणि कडप्प्याखाली उभ्या फरशीचे आधार. सिंक वरून टेकवलेलं असेल तर त्याची दोनेक सेंटिमीटरची किनार खाचा झाकते. पट्टी चार इंचांची, खाली भक्कम आधार आणि वरून बसवलेलं सिंक असेल तर त्या खाचा जन्मभर निमूट पडून राहू शकतात, हे मान्य. पण या कबुलीतल्या तिन्ही अटी आता एकेक करून सुटत चालल्या आहेत. मॉड्युलर किचनमध्ये कडप्प्याच्या जागी प्लायची पेटी आली. सिंकं मोठी झाली, म्हणजे पट्ट्या अरुंद झाल्या. आणि अंडरमाउंट सिंकची आवड वाढली, ज्यात दगडाची कड उघडी राहते आणि झाकायला किनारच नसते. जुनी सवय नव्या ओट्यावर चालवली की मग भेग दिसते, आणि दोष दगडाच्या दुकानदाराला दिला जातो.

जुन्या ओट्यात नवं सिंक घालताना तर हा प्रश्न दुप्पट होतो. पूर्वी पुष्कळ ठिकाणी सिंकची किनार कडप्पा आणि ग्रॅनाइट यांच्यामध्ये दाबून बसवत. असं सिंक वर ओढून निघत नाही. त्याची किनार आतून कापून तुकड्यांनी काढावी लागते किंवा ग्रॅनाइट उचलावा लागतो. त्यात नवं सिंक मोठं असेल तर इंच-दीड इंचाची चिरोटी कापायची, तीही आधीच अशक्त झालेल्या पट्टीला कटरचे हादरे देत. जुन्या कोपऱ्यात केसाएवढी भेग असेल तर ती नव्या कापात निघून जाते की बाहेर उरते, हे रेघ मारतानाच पाहायला हवं. बाहेर उरत असेल तर मोठ्या सिंकचा हट्ट सोडणं शहाणपणाचं.

दुसरा आक्षेप घरमालकांचा. पाणी घालून कापलं की सगळ्या घरात चिखल होतो, म्हणून कोरडंच कापा, असं ते सांगतात. चिखल पुसता येतो. कोरडी भुकटी मात्र पंख्यापासून देव्हाऱ्यापर्यंत बसते, ब्लेड तापतं आणि कडेच्या कपच्या उडतात. खरा प्रश्न कटर धरणाऱ्याच्या छातीचा आहे. ग्रॅनाइटमध्ये क्वार्ट्झ भरपूर असतो आणि त्याच्या बारीक धुळीने सिलिकोसिस होतो, जो बरा होत नाही. कृत्रिम क्वार्ट्झच्या पाट्यांत सिलिकाचं प्रमाण ९० टक्क्यांपर्यंत जातं. याच कारणाने ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून असा दगड बनवण्यावर, विकण्यावर आणि बसवण्यावर बंदी घातली. आपल्याकडे नाकाला रुमाल बांधून काम चालतं, आणि रुमाल ही धूळ अडवत नाही. बाटलीच्या बुचाला भोक पाडून हेल्परने ब्लेडवर धार धरणं, हे निदान परवडणारं आहे. मात्र पाणी आणि वीज एकत्र येतात, तेव्हा घरात ईएलसीबी चालू आहे ना, हे आधी बघावं.

मग कारखान्यातच कापून का आणू नये? नवा ओटा असेल तर जरूर आणावा; तिथलं यंत्र गोल कोपरा सहज काढतं. पण भोक पाडलेली पाटी जिन्याने वर नेताना त्या दोन पट्ट्यांवरच मोडते, हेही लक्षात ठेवावं. ती आडवी न धरता उभी न्यावी आणि भोकाला लाकडी पट्टी बांधावी. काही ठिकाणी पट्टीच्या खालच्या बाजूला खाच करून त्यात एपॉक्सीने सळई बसवतात. अरुंद पट्टीसाठी तो खर्च मला वाजवी वाटतो.

सिंक बसवणं हे त्यामानाने थोडक्यात सांगण्यासारखं काम. ९ इंच खोल मोठं सिंक काठोकाठ भरलं तर त्यात पन्नासेक लिटर पाणी मावतं. अंडरमाउंटमध्ये हा भार नुसत्या चिकटवण्यावर न टाकता खालून ब्रॅकेट किंवा कडप्प्याचे तुकडे द्यावेत. फट पांढऱ्या सिमेंटने भरू नये. उकळत्या पाण्याने स्टील ग्रॅनाइटच्या साधारण दुप्पट फुगतं आणि सिमेंट तडकतं, मग पाणी झिरपून प्लाय कुजतो. सिलिकॉन वापरावं, तेही व्हिनेगरचा वास न येणारं, कारण कडप्पा चुनखडीचा दगड आहे आणि आम्ल त्याला मानवत नाही.

राहिला दराचा मुद्दा, आणि माझ्या मते सगळं दुखणं तिथेच आहे. मोल्डिंगचे पैसे रनिंग फुटावर मिळतात, सिंक कटिंगचे नगावर. कोपऱ्यात भोकं पाडून तास-दीड तास जास्त घालवणाऱ्याला आणि वीस मिनिटांत चार काप मारून मोकळं होणाऱ्याला आपण एकच रक्कम देतो, वर लवकर आटोपलं म्हणून दुसऱ्याचं कौतुक करतो. मिस्त्रीला हे काम येत नाही असं नसतं. त्याला त्याचे पैसे मिळत नाहीत. तेव्हा दगड पसंत करायच्या आधी सिंक विकत घ्या, खोक्यातला साचा जपून ठेवा, आणि दर ठरवतानाच सांगा की कोपरे कोअर बिटने हवेत, काप ओला हवा, आणि त्याचे पैसे वेगळे मिळतील.