पाहुण्यांसाठी घरच्या फळांचे ताट

गेल्या एप्रिलात भीमाकाठच्या एका गावी कलिंगडाचा प्लॉट पाहायला गेलो होतो. अंगणात कलिंगडांचा ढीग, शेजारी टेम्पो भरणे चालू. माझ्यापुढे मात्र थंड पेयाची बाटली आली! मी म्हटले, "अहो दादा, ढिगातलं एखादं फोडा की." दादा अवघडले. म्हणाले, "साहेब, परवाच औषध मारलंय. तुमाला कसं देऊ?"

आणि टेम्पो बाजाराला निघाला.

उन्हाळा म्हणजे लग्नसराई, जत्रा आणि सुट्टीला आलेली लेक-नातवंडे. घरात पाहुण्यांचा राबता असतो. अशा वेळी विकतच्या बाटलीपेक्षा घरच्या फळांचे ताट केव्हाही शोभते. कलिंगडात तर शंभरात नव्वद भागांहून जास्त पाणीच असते.

फळ कसे निवडाल?

पहिली गोष्ट औषधाची. शेवटच्या फवारणीनंतर काढणीला किती दिवस थांबायचे, ते डब्याच्या लेबलवर छापलेले असते. तेवढे दिवस पाळा. आंतरप्रवाही औषध फळ धुतल्याने जात नाही. कलिंगडाच्या देठाजवळचा ताणा सुकला, जमिनीला टेकलेला भाग पिवळसर झाला आणि टिचकी मारल्यावर बदबद आवाज आला, की फळ तयार समजावे. आंबा गवताच्या अढीत पिकवावा. कॅल्शियम कार्बाईडने फळे पिकवायला कायद्याने बंदी आहे, ती उगीच नाही.

मांडणी

दहा माणसांसाठी चार किलोचे कलिंगड, एक खरबूज, एक मध्यम पपई, चार आंबे व अर्धा किलो द्राक्षे पुरतात. फळे आदल्या रात्री गार पाण्यात किंवा ओल्या गोणपाटाखाली ठेवावीत. कापण्याआधी सालीसकट स्वच्छ धुवावीत, कारण सालीवरची माती सुरीबरोबर आत जाते. कांदा कापलेली सुरी वापरू नये.

कलिंगडाचे आडवे दोन भाग करा. एका भागाच्या कडेला सुरीने करवतीसारखे दाते पाडा आणि आतला गर चमच्याने गोल गोल काढा. झाली वाटी तयार! पितळी परातीत केळीचे पान अंथरून ही वाटी मध्यभागी ठेवा. तिच्यात कलिंगडाचे व खरबुजाचे गोळे भरा. भोवती पपईच्या लांबट फोडी पाकळ्यांसारख्या लावा. आंब्याच्या गालाची फोड घेऊन गरावर चौकटी पाडा, पण साल कापू नका. फोड उलटवली की ती फुलासारखी उमलते. मधल्या जागी द्राक्षांचे लहान घोस ठेवा. केळी घालायची असतील तर चकत्यांना लिंबाचा रस चोळावा, म्हणजे काळ्या पडत नाहीत. मीठ-मसाला वेगळ्या वाटीत द्यावा. आधी भुरभुरला तर फोडींना पाणी सुटते.

पाहुणे टेकले की मगच फळे कापायला घ्या. कापलेले फळ भर उन्हाळ्यात तासाभरात संपवावे. उरलेले दुसऱ्या दिवशी वापरू नये. माशा बसू नयेत म्हणून वर ओले स्वच्छ फडके टाका. साली गोठ्यात जातील, वाया काहीच जात नाही.

ग्रामपंचायतीत अधिकारी आले, शाळेत कार्यक्रम झाला, तरी हेच ताट पुढे करावे. फळे गावच्याच शेतकऱ्याकडून घेतली तर दोन पैसे गावात राहतात.

दादांनी मला फळ दिले नाही, ते प्रामाणिकपणेच. पण जे पाहुण्याला चालत नाही, ते गिऱ्हाईकाच्या लेकराला कसे चालेल? यंदा टेम्पो भरण्याआधी ढिगातले एक फळ घरात फोडा. ते बेधडक नातवाच्या हातात देता आले, की मगच गाडी सोडा.