यंत्राच्या पेटीतून भूपाळी

दरवर्षी डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास नांदेड जिल्ह्यातल्या लोहा तालुक्यात, माळेगावी खंडोबाची मोठी यात्रा भरते. एकीकडे घोडे, उंट, गाढवांचा बाजार. दुसरीकडे वाघ्या-मुरळीची गाणी आणि फडावरची लावणी. हलगी, संबळ, तुणतुणे ही आपली जुनी वाद्ये. आता त्यांच्या शेजारी विजेची वाद्येही येऊन बसली आहेत. नांदेड-लातूरकडच्या गावांत वरात असो की गणपतीचे विसर्जन, कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड ही नावे लहान पोरांच्याही तोंडी असतात.

मग एखाद्या घरात प्रश्न उभा राहतो. सोयाबीनची पट्टी हाती येते आणि मुलगा म्हणतो, "अण्णा, मला कीबोर्ड घेऊन द्या. मी स्वतःचा कार्यक्रम बसवतो." अण्णा म्हणतात, "बियाण्याचं, खताचं बघू का तुझ्या पिपाणीचं?" आई बिचारी दोघांच्या मध्ये. खरे पाहता चूक कोणाचीच नाही. म्हणून आधी एक खरी हकिकत ऐका.

मुंबईचे चरणजित सिंग

चरणजित सिंग हे मुंबईतले वादक. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवून ते प्रपंच चालवीत. 1982 साली त्यांनी स्वतःच्या मनाचे एक काम केले. जपानच्या रोलँड कंपनीची तीन यंत्रे त्यांनी जुळवली: एक ताल धरणारे, एक खर्जाचे स्वर देणारे आणि तिसरे सिंथेसायझर, म्हणजे विजेवर नाना तऱ्हेचे स्वर काढणारी पेटी. तालाच्या यंत्रावर डिस्कोचा ठेका लावला आणि त्यावर आपले राग वाजवले. भैरवी, भूपाळी, यमन, मालकंस, मेघमल्हार असे एकूण दहा राग. खर्जाच्या यंत्रात एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय होती, तिचा उपयोग मींडेसारखा झाला.

ती तबकडी एच.एम.व्ही.ने काढली, पण फारशी खपली नाही, लोक विसरूनही गेले. पुढे 1987 च्या सुमारास अमेरिकेतल्या शिकागो शहरात त्याच खर्जाच्या यंत्रावर एक नवे नाचाचे संगीत निघाले आणि जगभर गाजले. 2010 साली हॉलंडमधून चरणजित सिंगांची तबकडी पुन्हा निघाली, तेव्हा ऐकणारे थक्क झाले. असाच आवाज मुंबईत पाच वर्षे आधी निघाला होता! सत्तरी ओलांडल्यावर चरणजितजींनी युरोपातल्या रंगमंचांवर हे राग वाजवले. 2015 साली ते वारले.

या हकिकतीतून दोन गोष्टी घ्याव्यात. यंत्र परदेशी असले तरी त्यातून काढायचे गाणे आपले असू शकते. आणि कौतुक उशिरा येते, म्हणून पोटाचा धंदा सोडू नये. त्यांनीही तो सोडला नव्हता.

सुरुवात कशी करावी

आपल्या भजनी मंडळातले जाणते लोक मालकंस आणि भैरवी ओळखतात. तेव्हा मुलाने आधी पेटी आणि ताल त्यांच्याजवळ बसून शिकावा. स्वर पक्का नसेल तर महागडे यंत्रही बेसूरच वाजते.

पहिले यंत्र जुने, वापरलेले घ्यावे. जाणकाराला सोबत नेऊन प्रत्येक पट्टी दाबून पाहावी. मोठे स्पीकर विकत घेऊ नयेत, कार्यक्रमापुरते भाड्याने आणावेत. कर्ज काढून तर मुळीच घेऊ नये.

आता यंत्रात बाहेरचा आवाज भरून ठेवता येतो आणि हवा तेव्हा वाजवता येतो. गावातल्या हलगीवाल्याचा ठेका, गोंधळ्याचे संबळ, मोटेच्या चाकाची कुरकुर, बैलांच्या गळ्यातल्या घुंगरमाळा, सारे त्यात येते. मात्र हलगीवाल्याचा ठेका भरून घेऊन त्यालाच घरी बसवणे हा अन्याय आहे. त्याला विचारावे, त्याचा मोबदला द्यावा, आणि जमेल तिथे त्यालाच शेजारी उभे करून वाजवावे. श्रोत्यांनाही जिवंत हात पाहायला आवडतो.

प्रारंभी वीसच मिनिटांचा कार्यक्रम बसवावा. शाळेचे स्नेहसंमेलन किंवा गणेश मंडळ ही पहिली जागा बरी. सिनेमाची गाणी कोणीही वाजवतो. स्वतःची चाल असली की लोक नाव लक्षात ठेवतात.

वीज आणि आवाज

खेड्यातली वीज कमी-जास्त होते. त्याने यंत्र जळते. मध्ये स्टॅबिलायझर असावा. आकडा टाकून वीज घेऊ नये, आणि अर्थिंग नीट आहे याची वायरमनकडून खात्री करावी. ओल्या जमिनीवर अनवाणी उभे राहून माईक धरणे जिवावर बेतते.

आवाजाचा कायदाही आहे. 2000 सालच्या नियमांप्रमाणे रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. सणासुदीच्या ठरावीक दिवशीच सरकार मध्यरात्रीपर्यंत सूट देते. वस्तीत दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा आहे. दवाखाना, शाळा, न्यायालय यांच्याभोवती 100 मीटर शांतता पाळायची असते. ध्वनिक्षेपकासाठी लेखी परवानगी आधीच काढावी. रोज आठ तास 85 डेसिबलच्या वर आवाज ऐकला तर कान हळूहळू जातात, आणि गेलेले कान परत येत नाहीत. ज्याचे पोट कानावर आहे त्याने हे आधी ध्यानात धरावे.

आता अण्णांना एवढेच सांगणे. पेरणीचे पैसे बाजूला काढा, मग उरल्यातले थोडे मुलाला द्या, आणि एका वर्षाची मुदत घाला. मुलालाही सांगणे, की सकाळचे दूध आणि रानातले काम आटोपूनच पेटीला हात लाव. वर्षभराने गावच्या देवळासमोर त्याने भूपाळी वाजवली आणि म्हातारी माणसे उठून न जाता ऐकत बसली, तर अण्णांनी पुढच्या वर्षाचा विचार करावा.