इंडिकेटर लागले, पण दार लॉक झालं का? जुन्या गाडीची सेंट्रल लॉकिंग मोटर बदलताना

(भागाचा लिखित मसुदा. बोलताना आलेले 'अं' आणि 'म्हणजे' बरेचसे काढलेत, थोडे राहिलेत.)

आज हेडफोन घातले असतील तर बरं, कारण सुरुवातच आवाजाने आहे.

(आवाज १: खटॅक.)

हे आमच्या गाडीचं मागचं उजवं दार. मोबाईलचा रेकॉर्डर चालू करून फोन दाराच्या आतल्या पॅडला चिकटवला आणि रिमोट दाबला. आता मागचं डावं दार.

(आवाज २: टिक.)

फरक कळला? पहिल्यात जोर आहे, दुसऱ्यात नुसतीच हजेरी. त्या एका 'टिक'पायी आमच्या घरात तीन महिने बाबांवर अन्याय झाला. गाडीची गोष्ट सांगतो, पण आधी ती सांगायला हवी.

गाडी बाबांची, २००८ सालची छोटी हॅचबॅक, बेस मॉडेल. काचा हाताने फिरवायच्या, सेंट्रल लॉकिंग कंपनीकडून नाही. ते नंतर बाहेरून बसवलेलं, तेव्हा बहुतेक बेस मॉडेलवाले बसवायचे तसं. गेल्या डिसेंबरात एका लग्नाला गेलो. बाबांनी कार्यालयाच्या पार्किंगमध्ये गाडी लावली, रिमोट दाबला, आत आले. जेवणं करून बाहेर येतो तर मागच्या सीटवरची बॅग गायब. त्यात आईचा शालू, बाबांचा चष्मा आणि त्यांच्या डॉक्टरांच्या कागदांची फाईल. काच फुटलेली नाही, लॉक उचकटलेलं नाही. कुणीतरी आरामात दार उघडून बॅग घेऊन गेलेलं.

मग काय, सगळे बाबांकडे. "बाबा, तुम्ही लॉक करायला विसरलात." हे वाक्य मीच म्हणालो होतो. ते एवढंच म्हणत राहिले, "अरे, मी बटण दाबलं. इंडिकेटर लागले. मी पाहिलंय." कुणी ऐकलं नाही. त्यानंतर ते गाडी लावली की चारही दारांची हँडलं ओढत फेरी मारायला लागले. गॅस बंद केलाय का हे पाहायला जिन्यातून परत वर जाणारी माणसं असतात ना, तसं. गंमत म्हणजे त्या फेरीतही दार कधी लॉक सापडायचं, कधी उघडं. उघडं सापडलं की ते स्वतःलाच दोष देऊन पुन्हा बटण दाबायचे. आम्ही एकमेकांकडे बघायचो. वय झालं, वगैरे.

मार्चमध्ये मी मागे डावीकडे बसलो होतो. बाबा पेट्रोल भरून पैसे द्यायला उतरले, सवयीने रिमोट दाबला. इंडिकेटर लागले. आणि माझ्या कोपराजवळची लॉकची खुंटी जागची हलली नाही.

आता हे कसं होतं ते समजून घेऊ, कारण सगळी गोम इथेच आहे. बाहेरून बसवलेल्या सेंट्रल लॉकिंगमध्ये एक छोटी कंट्रोल पेटी असते, बहुतेक डॅशबोर्डच्या खाली कुठेतरी. प्रत्येक दारात एक मोटर, तिलाच अ‍ॅक्च्युएटर म्हणतात. मोटरच्या पुढे प्लॅस्टिकचे गिअर आणि त्यांना जोडलेला दांडा, जो साधारण दोन सेंटीमीटर आत-बाहेर होतो. हा दांडा दाराच्या मूळ लॉकच्या रॉडला चिमट्याने जोडलेला असतो. लॉक करायचं असेल तर पेटी दोन वायरींमधून १२ व्होल्टचा एक झटका देते, अर्धा-पाऊण सेकंद. उघडायचं असेल तर तोच झटका, फक्त प्लस-मायनस उलटे. बस. एवढंच यंत्र आहे.

ड्रायव्हरच्या दारातल्या मोटरला पाच वायरी असतात: दोन मोटरच्या, आणि तीन आतल्या एका स्विचच्या. त्या स्विचमुळे पेटीला कळतं की ड्रायव्हरचं दार चावीने किंवा खुंटीने लॉक झालंय, मग ती बाकीच्यांना हुकूम सोडते. बाकीच्या तीन दारांतल्या मोटरला फक्त दोन वायरी. म्हणजे त्यांच्याकडून परत उत्तर येण्याची सोयच नाही. पेटी हुकूम सोडते, त्याच क्षणी इंडिकेटर लावते आणि तिच्या दृष्टीने काम झालं. आमच्या कामात याला 'फायर अँड फर्गेट' म्हणतात. मी दिवसभर ऑफिसात "अ‍ॅक्नॉलेजमेंट आली का?" विचारत असतो, आणि घरच्या गाडीत ती येतच नाही हे मला कळायला तीन महिने लागले. इंडिकेटर सांगतात ते एवढंच, की हुकूम सुटला. बाबा शंभर टक्के खरं बोलत होते.

बरं, आता दुरुस्ती.

माझी पहिली चूक तुम्ही करू नका. मी थेट नाना पेठेत जाऊन दोन वायरींची नवी मोटर आणली. २५० रुपये. तपासणी न करता पार्ट बदलणं म्हणजे लॉग न बघता सर्व्हर रीस्टार्ट करणं. नशीब, यावेळी मोटरच गेलेली निघाली. माझ्या एका मित्राने याच पद्धतीने दोन मोटरी बदलल्या आणि दोष निघाला वायरीत.

तपासायचं कसं? चारही दारं बंद पडली असतील तर मोटरच्या मागे लागू नका. फ्यूज, पेटी, पेटीचं अर्थिंग आणि ड्रायव्हरच्या दाराची पाच वायरींची मोटर, या क्रमाने बघा. एकच दार बंद असेल तर प्रश्न त्या दारात किंवा त्या दाराकडे जाणाऱ्या वायरीत आहे. त्या दाराचं पॅड काढायचं, मोटरचं कनेक्शन सोडवायचं आणि पेटीकडून येणाऱ्या दोन वायरींना इंडिकेटरचा १२ व्होल्टचा बल्ब लावायचा. कुणालातरी रिमोट दाबायला सांगा. लॉकला एकदा, अनलॉकला एकदा बल्ब लखकन पेटला पाहिजे.

मल्टिमीटर का नाही? मी पण आधी तोच घेतला होता. पण साधा डिजिटल मीटर सेकंदाला दोन-तीनदाच आकडा बदलतो. झटका संपेपर्यंत तो काहीतरी ४.७, ७.२ दाखवतो आणि आपण गोंधळतो. शिवाय वायर आतून तुटत आली असेल, एखादीच तार शिल्लक असेल, तरी मीटरला पूर्ण व्होल्टेज दिसू शकतं, कारण मीटर करंट जवळपास घेतच नाही. बल्ब घेतो. म्हणून बल्ब मिणमिणला की समजायचं, वायर आजारी आहे. वायर तुटण्याची ठरलेली जागा म्हणजे दार आणि बॉडी यांच्यामधली रबरी नळी. दार उघडताना-मिटताना वायर तिथेच वाकते, वर्षानुवर्षं. वरचं आवरण शाबूत, आतली तांब्याची तार तुटलेली. दार हळूहळू उघड-मीट करत रिमोट दाबा. एका कोनात बल्ब पेटतो आणि दुसऱ्यात नाही, तर सापडला चोर. माझ्या मित्राचा तिथेच सापडला.

आमचा बल्ब दोन्ही वेळा लख्ख पेटला. म्हणजे मोटरच.

पॅड काढण्याची गोष्ट मजेदार आहे. काच आधी पूर्ण वर. बॅटरीची मायनस बाजू १० च्या पान्याने सोडवा, रिमोट मात्र खिशात ठेवा, कारण पुन्हा जोडताना सायरन बोंबलू शकतो आणि अख्खी सोसायटी गॅलरीत येते. (आली होती.) मग काच फिरवायचं हँडल. त्याला स्क्रू दिसत नाही, आणि बरेच लोक इथे ते उचकटून मोडतात. आमच्या गाडीत त्याच्या मागे घोड्याच्या नालेसारखी एक तारेची क्लिप आहे. जुन्या फडक्याची पट्टी हँडल आणि पॅड यांच्यामध्ये घालायची आणि बूट पॉलिश करताना ओढतो तशी दोन्ही टोकांनी ओढायची. क्लिप टण्णकन उडते. दुसऱ्या हाताने झाकून धरा, नाहीतर पुढचा अर्धा तास सीटखाली. मग आतल्या हँडलचा आणि हात टेकायच्या पट्टीचा स्क्रू, आणि पॅडच्या कडेच्या प्लॅस्टिक क्लिपा खालून सुरू करून एकेक. दोन-चार तुटणारच, आधीच जास्तीच्या आणून ठेवा.

पॅडच्या मागे प्लॅस्टिकचा कागद चिकटवलेला असतो. तो फाडू नका, हे दोनदा सांगतो. काचेच्या रबरातून पावसाचं पाणी दारात शिरतं, ते शिरणारच. ते खालच्या भोकांतून निघून जातं, आणि हा कागद ते पाणी आत, पॅडवर आणि कार्पेटवर येऊ देत नाही. आमच्या दारात आधी ज्याने फिटिंग केलं त्याने तो मोठा चौकोन कापून तसाच लोंबता सोडला होता. दर पावसाळ्यात मागच्या पायपुसण्याला कुबट वास का यायचा, तेही त्या दिवशी उलगडलं.

जुनी मोटर दोन स्क्रूंवर होती. काढून उघडली. दांड्यावरचं रबराचं बूट फाटलेलं, पाणी दांड्यावरून आत उतरलेलं, मोटरच्या शाफ्टवर गंज, कार्बनचं काळं पीठ. म्हणून ती कधी चालायची, कधी नुसती 'टिक' करायची. उन्हात गाडी तापली की आणखी वाईट. नवी बसवताना मी ती अशी धरली की वायरीचं तोंड खाली येईल आणि दांड्यावरून पाणी ओघळलं तरी डब्यात जाणार नाही.

बसवताना खरी कसरत जुळवणीची आहे. मोटरचा दांडा आणि लॉकचा रॉड एका रेषेत चालायला हवेत, तिरके असतील तर मोटरचा अर्धा जीव घासण्यातच जातो. खुंटी खाली दाबून दार लॉक करा, मोटरचा दांडाही लॉकच्या टोकापर्यंत न्या, तिथून अगदी किंचित मागे घ्या आणि मग चिमट्याचे स्क्रू आवळा. आता खुंटी हाताने वर-खाली करून बघा, दोन्ही टोकांना पूर्ण जायला हवी. मला हे चार वेळा करावं लागलं. पहिल्या तीन वेळा लॉक पूर्ण व्हायचं, अनलॉक अर्धवट. मोटरचे स्क्रू छोटेच वापरा, लांब असले की आत काचेला ओरखडे. आणि पॅड लावण्याआधी काच एकदा तळापर्यंत खाली करून बघा, मोटरला अडत तर नाही ना.

वायरी नुसत्या पिळून टेप गुंडाळू नका. दार म्हणजे ओली जागा, टेप दोन पावसाळ्यांत सुटते. डाग द्या आणि वर हीट श्रिंक नळी, किंवा चांगले क्रिंप कनेक्टर. बॅटरी जोडून रिमोट दाबल्यावर बाकीची दारं लॉक झाली आणि हे एकटं उघडलं तर घाबरू नका, दोन वायरींची अदलाबदल करा.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. चाचणी दार उघडं ठेवूनच करा. दाराच्या कडेला जो लॅच असतो, त्याची जीभ स्क्रूड्रायव्हरने दाबून 'बंद' करा, म्हणजे लॅचला वाटेल दार मिटलंय. मग लॉक, अनलॉक, बाहेरचं हँडल, आतलं हँडल, सगळं करून बघा. बाहेरचं हँडल ओढून जीभ पुन्हा मोकळी झाली तरच दार मिटा. एखादा रॉड निसटलेला असताना दार मिटलं, तर ते बाहेरून उघडत नाही आणि आतूनही नाही, आणि पॅड बंद दारात काढणं म्हणजे शिक्षा आहे. मागच्या दाराला आतलं हँडल चालत नसेल तर आधी कडेची चाइल्ड लॉकची छोटी कळ बघा. मी वीस मिनिटं रॉड तपासत बसलो होतो. कळ लागलेली होती.

कंपनीचं सेंट्रल लॉकिंग असलेल्या गाड्यांत बऱ्याचदा मोटर आणि लॅच एकाच डब्यात असतात. तिथे दाराच्या कडेचे स्क्रू काढून अख्खा डबा बाहेर घ्यावा लागतो, रॉड जास्त, किंमत बरीच जास्त. पहिल्यांदाच करत असाल तर तिथे मेकॅनिककडे जा, लाजू नका. बल्बची तपासणी मात्र घरी करून जा, म्हणजे चारही दारांचं बिल होत नाही.

मला एका दाराला रविवारची सकाळ आणि अर्धी दुपार लागली. मग बाबांना खाली बोलावलं, मोबाईल डाव्या दाराला लावला.

(आवाज ३: खटॅक.)

जुनी मोटर उघडून त्यांच्या हातात दिली, गंज दाखवला आणि म्हणालो, "बाबा, त्या दिवशी तुम्ही लॉक केलं होतं." त्यांनी शाफ्ट बोटाने फिरवून बघितला. म्हणाले, "मग मी काय सांगत होतो?" आणि मोटर खिशात घालून चारही दारांची हँडलं ओढत फेरी मारली.

या आठवड्यात एवढंच. पुढच्या भागात याच गाडीची हॉर्नची वायर, जी फक्त डावीकडे वळतानाच चालते. भेटू.