म्हणीतून चित्र काढताना

म्हणीचे चित्र काढणे म्हणजे तिच्यातील शब्द रंगवणे नव्हे. गांधीजी १९३६ साली आपल्या सेवाग्रामात राहावयास आले. त्यांच्याजवळ असणारी तीन माकडे आठवा. मूळ जपानी वचनात माकड नाहीच. पाहू नये, ऐकू नये, बोलू नये, एवढेच आहे. परंतु जपानीत नकाराचा 'झारू' आणि माकडाचा 'सारू' कानाला सारखेच लागतात. त्या साम्यावर माकडे उभी राहिली, आणि निक्कोच्या देवस्थानात १७ व्या शतकात ती लाकडात कोरली गेली.

यंदा भित्तिपत्रकासाठी मी 'आंधळं दळतं, कुत्रं पीठ खातं' ही म्हण घेतली. पहिले चित्र शब्दशः काढले : म्हातारी, जाते, कुत्रे. मुले हसली आणि पुढे गेली. मग विचार केला, आमच्या घरचे पीठ कोण खाते? काट्यावरची चिठ्ठी मायला वाचता येत नाही. एका व्यापाऱ्याने कापसाच्या वजनात काटा मारला, तो घरी आल्यावर मला कळला. दुसऱ्या चित्रात जात्याच्या जागी तराजू आला, कुत्र्याच्या जागी दांडीवरचा हात, आणि मायच्या डोळ्यांवर पट्टी.

माय चित्र पाहून म्हणाली, "मी काई आंधळी नाही, बाबू. मले सारं दिसते. अक्षरं तेवढे समजत नाही."

मी पट्टी खोडली. आता ती थेट त्या हाताकडे पाहते, आणि चिठ्ठी तिने उलटी धरली आहे. तरीही म्हण ओळखू येते.

मित्रहो, म्हण आपल्या घरात कोणाला लागते ते आधी पाहावे, आणि चित्र प्रथम त्यालाच दाखवावे.