सहा ते दोन

पहाटे साडेपाच. सेक्टर 10 च्या रस्त्यावरून सहा ते दोनच्या पहिल्या शिफ्टवाल्यांच्या गाड्या निघतात. वडील गोंदियाहून प्लांटच्या नोकरीला इथे आले, त्यामुळे आमच्या घरात वेळ शिफ्टवरच मोजली गेली. पोलिओच्या विषाणूलाही पेशीत शिरून, हजारोंनी वाढून बाहेर पडायला साधारण आठ तासच लागतात. म्हणून आजचा धडा शिफ्टवर बसवलाय.

सात. बारावीची रविवारची बॅच. फळ्याच्या डाव्या कडेला सहा ते दोन असे तास लिहिते. सहा वाजता विषाणू पेशीवरच्या सीडी155 या प्रथिनाला चिकटतो आणि आपला आरएनए आत सोडतो. अक्षरं सुमारे साडेसात हजार, पण रायबोसोम एकही नाही. प्रथिनं बनवायची ती पेशीच्याच रायबोसोमवर. पेशीच्या स्वतःच्या संदेशवाहक आरएनएच्या टोकाला कॅप असते. ईआयएफ-4ई हे प्रथिन ती धरतं, ईआयएफ-4जी तिथून रायबोसोमशी जोडणी करून देतं आणि मग वाचन सुरू होतं. पोलिओच्या आरएनएला कॅपच नसते.

"मॅडम, फिर तो शुरू ही नहीं होगा!"

होतं. त्याच्या आरएनएच्या सुरुवातीच्या भागात घड्या पडलेला एक लांब पट्टा असतो, आयरेस. 4जी थेट त्यावर येऊन बसतं आणि रायबोसोम तिथेच उतरतो. पोलिओच्या आरएनएत हे 1988 मध्ये जेरी पेलेटियर आणि नहूम सोनेनबर्ग यांनी दाखवलं.

फळ्यावर आठ वाजतात. तोवर विषाणूचं 2ए हे एन्झाइम तयार झालेलं असतं. ते 4जीचे दोन तुकडे करतं. कॅपकडचा तुकडा वेगळा पडला की पेशीची बहुतेक प्रथिनं बनणं थांबतं. विषाणूला मात्र उरलेला तुकडा पुरतो. "फोर-जी कट गया!" मागच्या बाकावर हशा. पाठोपाठ ठरलेला प्रश्न, "नीट में आएगा क्या?" नाही येणार. तरी शिकवते, या एका कापाकापीत विषाणूचं सगळं परावलंबन दिसतं, ते पाठांतराच्या दहा ओळींत दिसत नाही.

दहा. पल्स पोलिओचा बूथ. मितानिन दीदी (वस्तीतली आरोग्यसेविका) कुपी उजेडात धरून वर्तुळातला चौकोन बघते. तो वर्तुळापेक्षा फिका असेल तरच लस वापरायची. दोन थेंब तोंडात, डाव्या करंगळीच्या नखावर मार्करची खूण. रडणं खुणेच्या वेळी जास्त.

या थेंबांत दुबळे केलेले जिवंत विषाणू आहेत, टाइप 1 आणि 3 चे (टाइप 2 चे 2016 पासून बंद). त्यांच्या दुबळेपणाचं एक मोठं कारण सकाळच्याच पट्ट्यात आहे. टाइप 3 च्या आयरेसमध्ये 472 व्या जागी सी ऐवजी यू आहे. एवढ्याने मज्जापेशींत वाचन धड सुरू होत नाही. आतड्यात मात्र हा विषाणू वाढतो आणि शरीराला ओळख करून देतो. बदल बाहेरच्या कवचातही आहेत, पण मला हे एक अक्षर सगळ्यात हुशारीचं वाटतं.

साडेबारा. शेजारच्या काकू नातवाला घेऊन येतात. "अगं, पोलिओ गेला ना आपल्याकडून? मग अजून कशाला?" गेला, काकू. नैसर्गिक विषाणूचा शेवटचा रुग्ण जानेवारी 2011 मध्ये हावड्याला सापडला, 2014 मध्ये प्रमाणपत्रही मिळालं. पण पाकिस्तान-अफगाणिस्तानात तो आहे. शिवाय लसीतला विषाणू आतड्यात वाढताना ते अक्षर पुन्हा मूळचं होऊ शकतं. बरीच मुलं लसीविना राहिली, तर तोच फिरत फिरत जोर धरतो. काकू नातवाचं तोंड स्वतःच उघडतात.

दोन. रस्त्यावर शिफ्ट बदलते.

सहा. उद्यासाठी फ्लूचं टिपण. त्याची तऱ्हा वेगळी: पेशीच्या आरएनएची कॅप थोड्या शेपटासकट कापायची आणि स्वतःच्या संदेशाला लावायची. चोरीच म्हणा.

आज बूथवर न आलेल्यांकडे दीदी घरोघर जाणार आहेत. आधीचे डोस झालेले असले तरी पाच वर्षांच्या आतल्या मुलाला पाजू द्या.