ओसरते ते काय? : ‘आंग हुपा’च्या निमित्ताने

‘डिस्टोपिया’ या संज्ञेला मराठीत सर्वांना मान्य असा प्रतिशब्द अजून रुळलेला नाही, म्हणून येथे मूळ शब्दच वापरतो. शब्दापेक्षा त्याविषयीचा एक समज मला अधिक अडचणीचा वाटतो. पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थीही डिस्टोपियाला भविष्याचे भाकीत मानतात आणि ते खरे ठरले की नाही, हे तपासू लागतात. फिलिपिन्सचे दिग्दर्शक लाव्ह डियाझ यांचा ‘आंग हुपा’ (२०१९) हा समज तपासून पाहण्यास उपयोगी आहे.

चित्रपटातील काळ आहे २०३४. सेलेबिस समुद्रात २०३१ साली ज्वालामुखींचे उद्रेक झाल्यापासून आग्नेय आशियात सूर्य उगवलेला दिसलेला नाही. साथीच्या रोगाने लाखो माणसे गेली आहेत. मनिलावर नावारा नावाच्या भ्रमिष्ट हुकूमशहाची सत्ता आहे आणि अंधाऱ्या रस्त्यांवर पाळतीचे ड्रोन घिरट्या घालत आहेत.

यात नवे फार थोडे आहे. १९९१ साली पिनातुबोच्या राखेने लुझॉन बेटावर भरदिवसा काळोख झाला होता. फर्डिनांड मार्कोस यांनी १९७२ साली लष्करी कायदा पुकारला. डियाझ यांचा जन्म १९५८चा, म्हणजे त्यांचे कुमारवय त्याच राजवटीत गेले. चित्रपट आला तेव्हा दुतेर्ते यांच्या अमली पदार्थविरोधी मोहिमेत हजारो माणसे मारली गेली होती. म्हणजे भूतकाळ आणि वर्तमान एकत्र करून त्यांवर पुढची तारीख घातली आहे. ओळखीची गोष्ट परकी करून दाखवणे, हे डिस्टोपियाचे खरे काम. सवयीमुळे जे दिसेनासे झालेले असते, ते त्यामुळे पुन्हा दिसू लागते.

कृष्णधवल चित्रण, स्थिर कॅमेरा, लांबच लांब दृश्ये आणि साडेचार तासांहून अधिक लांबी ही रचनाही या हेतूशी सुसंगत आहे. अंधार हा येथे एखादा प्रसंग नाही, ती रोजची स्थिती आहे. प्रेक्षकाला घाईने त्यातून बाहेर काढले, तर ती स्थिती केवळ माहिती म्हणून उरेल.

शीर्षकाचाही विचार करावा. इंग्रजीत ते ‘द हॉल्ट’, म्हणजे थांबणे, असे झाले. तागालोग भाषेत मात्र ‘हुपा’ म्हणजे ओसरणे : पूर ओसरतो, राग ओसरतो, तसे. आपले क्रियापद येथे इंग्रजीपेक्षा जवळचे ठरते. जे थांबले ते संपले, असे आपण समजतो. जे ओसरले ते पुन्हा चढू शकते, हे नदीकाठच्या माणसाला सांगावे लागत नाही.

मार्कोस यांची सत्ता १९८६च्या जनआंदोलनाने गेली. २०१६ साली त्यांचे दफन वीरांच्या राष्ट्रीय दफनभूमीत झाले आणि २०२२ साली त्यांचे पुत्र निवडणूक जिंकून राष्ट्राध्यक्ष झाले. चित्रपटाने हे भाकीत केले नव्हते. मधल्या वर्षांत दहशतीबरोबर तिची स्मृतीही ओसरत होती, तिकडे त्याने लक्ष वेधले होते. डिस्टोपिया शिकवताना ‘हे घडेल का?’ या प्रश्नाऐवजी ‘यातले काय घडून गेले आहे आणि ते आपण का विसरलो?’ हा प्रश्न विचारावा, तो एवढ्यासाठीच.